स्टेशनसमोरचे जाहीर आभार

आमच्या तारापूरने जगाला दोन गोष्टी दिल्या. वीज आणि बळवंत सावे. विजेबद्दल इतरांनी पुष्कळ लिहिलं आहे.

'दैनिक दर्यावर्तमान'च्या बोईसर कचेरीत आम्ही एकाच टेबलावर बसायचो. मी विनोदी सदर लिहायचो आणि तो बातम्या. वाचकांची कधी कधी गल्लत व्हायची.

बोईसरच्या बातमीचा एक कायदा होता, अजूनही आहे. कार्यक्रम कुठलाही असो, शेवटी उपस्थितांची नावं आलीच पाहिजेत. सूत्रसंचालन कुणी केलं, आभार कुणी मानले, सगळं. एक नाव राहिलं की तो माणूस दुसऱ्या दिवशी सकाळी कचेरीच्या दारात उभा. हातात अंक, चेहऱ्यावर सुतक.

पुढे मालकांच्या मनात आलं की आपलाही एक परदेशी बातमीदार हवा. परवडणारा एकच होता, म्हणून एका देशातलं युद्ध संपलं की बळवंतला दुसऱ्या देशातल्या युद्धावर पाठवायचे. कोलंबोहून त्याची पहिली बातमी आली ती शांततेच्या वाटाघाटींची. शेवटी लिहिलं होतं, 'या वेळी दोन्ही बाजूंचे प्रतिनिधी, दुभाषे, चहावाले श्री. पियदास व वाहनचालक उपस्थित होते. आभार कुणीच मानले नाहीत.' मुंबईचं डेस्क आठवडाभर हसत होतं.

मग पश्चिमेकडच्या एका शहरात बेकरीवर बॉम्ब पडला. सगळ्या जगाने मेलेल्यांचा आकडा छापला. बळवंत घरोघर फिरला आणि त्याने नावं पाठवली. कोण भट्टीवर होता, कोण पावासाठी रांगेत होती. डेस्कवरून फोन गेला, "अरे, ही परकी नावं आपल्या वाचकांना काय कळणार?"

बळवंत म्हणाला, "बोईसरला नाव राहिलं तर माणूस दारात येतो. इथला कोण येणार आहे?"

दुसऱ्या दिवशी सगळी नावं पहिल्या पानावर होती. त्यानंतर डेस्क हसलं नाही. मीही नाही, आणि मला तर पगारच हसण्याचा होता.

असा हा आमचा बळवंत शेवटी मुंबईला वर्तमानपत्राचा मुख्य कार्यकारी अधिकारी झाला. लढाया त्याच, फक्त खाली गालिचा आला. मी निवृत्त होऊन तारापुरात आलो आणि येईल-जाईल त्याला 'हा माझ्या टेबलावरचा' म्हणून सांगू लागलो.

गेल्या महिन्यात त्याचा फोन आला. "नाना, बोईसर आवृत्ती बंद करायचं ठरतंय. कचेरीसकट. माझी सही तेवढी बाकी आहे. रविवारी येतो आणि स्वातीला समोर बसून सांगतो. फोनवर सांगणं बरं नाही. तू कुणाला बोलू नकोस."

स्वाती दुमाडा म्हणजे आमची बोईसरची बातमीदार. वाणगावच्या आतल्या पाड्यातली पोर. ती आवृत्ती एकटी चालवते, आणि तिचं घर त्या आवृत्तीवर चालतं.

मी कुणालाही बोललो नाही. फक्त बळवंतच्या थोरल्या बहिणीला, सुलूताईला सांगितलं. घरच्या माणसाला 'कुणी'त मोजत नाहीत.

"बळ्या बंद करतो? आमचा पेपर?" सुलूताई निवडत असलेली भाजी बाजूला सारून म्हणाली. "दुनियाभर फिरून आला नि घरच्या पेपराला कुलूप लावतो? आमी काय मेलो हाय?"

"निर्णय वरून झालाय, ताई."

"वरून पाऊस येते. निर्णय माणसं करतात. चिरागला फोन लाव."

चिराग फ्लेक्स छापतो. आमच्याकडे रस्ता होण्याआधी रस्त्याबद्दल आभाराचा फ्लेक्स लागतो, आणि तो लागला की पुढाऱ्याला रस्ता करण्यावाचून सुटका नसते. सुलूताई हे जाणून होती. माझा यात काही हात नाही. मी फक्त शुद्धलेखन तपासलं.

रविवारी बळवंत गाडीतून बोईसर स्टेशनसमोर उतरला आणि तसाच उभा राहिला. समोर दुमजली फ्लेक्स होता. 'बोईसर आवृत्ती अखंड चालू ठेवल्याबद्दल आमचे लाडके सुपुत्र श्री. बळवंत सावे यांचे जाहीर आभार!' ताईकडे त्याचा एकच मोठा फोटो होता, युद्धभूमीवरचं शिरस्त्राण घातलेला. चिरागने शिरस्त्राण काढून फेटा बांधला होता. खाली शुभेच्छुकांची नावं होती. रिक्षावाले, सालवडच्या खोल्यांतले कामगार, डोंगरातल्या पाड्यांवरचे, किनाऱ्यावरचे, अगदी दाटीवाटीने.

त्याने सगळी नावं वाचली. जुनी खोड. शेवटच्या ओळी वाचायला तर गुडघ्यावर बसला.

"हे कुणाचं काम?"

"लोकांचं," मी म्हणालो.

"नाना, गोळीबारात मी पळून तरी जाऊ शकायचो."

कचेरीत आमच्यामागून सुलूताई आणि चिरागही आले. स्वातीने चहा पुढे केला. तिने फ्लेक्स पाहिला होता, पण बळवंत खरा कशासाठी आलाय याचा तिला अंदाज होता.

"या आठवड्यात काय छापलं?" बळवंतने विचारलं. सहीचा कागद त्याच्या बॅगेत होता.

"एका कारखान्यात अपघातात कामगार गेला, सर. बाकीच्यांनी 'एक परप्रांतीय कामगार' एवढंच दिलं. ठेकेदार नाव सांगेना."

"मग?"

"सालवडच्या खोल्यांत फिरले. सगळे बोलत होते, मॅडम, हमको क्या मालूम. शेवटी त्याच्याच ताटात जेवणारा एक जण भेटला. मग नाव, गाव, आईचं नाव, सगळं छापलं." ती थांबली. "गावाहून भाऊ आला होता. दारात उभा राहिला. मला वाटलं, काही चुकलं. तर म्हणाला, जितने पेपर बचे हैं, दे दो."

बळवंतने चहा ठेवला. दाराकडे पाहिलं. मग त्याने मालकांना फोन लावला, आमच्यासमोरच.

"साहेब, बोईसर बंद होणार नाही. बातमी छापून गेलीय."

"कुठे?"

"स्टेशनसमोर. आणि मी आयुष्यात कधी खुलासा छापलेला नाही. आता छापायचा असेल तर माझी खुर्ची दुसऱ्याला द्या, सही तो करेल."

स्वाती पदराचं टोक पिळत होती. मालकांचा आवाज एवढा मोठा, की सगळ्यांना ऐकू आला.

"सावे, त्या फ्लेक्सवर माझं नाव आहे का?"

बळवंतने माझ्याकडे पाहिलं. खोटं तो कधी बोलला नव्हता, त्या दिवशीही बोलला नाही.

"संध्याकाळपर्यंत असेल, साहेब. सगळ्यात वर."

"मग चालू दे."

चिराग शिडी आणायला धावला. सुलूताईने भावाचे कान धरले आणि मग तिथेच रडू लागली. स्वाती हसत होती, आणि मला आमच्या टेबलाचा असा अभिमान वाटला, की त्यावर विनोद सुचेना. धंद्यात पहिल्यांदाच.

बॅगेतला कागद पाठकोरा होता. त्याच्या मागच्या बाजूवर मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांनी बातमी स्वतः लिहिली. सोमवारी छापून आली. शेवटी 'या वेळी' होतं आणि पुढे नावंच नावं. सुलूताई, स्वाती, चिराग, चहा आणून देणारी पारू, शिडी धरणारा रिक्षावाला.

माझं नाव राहिलं.

मंगळवारी सकाळी मी कचेरीच्या दारात होतो.