दहा पूर्णांक दोन

प्रात्यक्षिक परीक्षा संपत आली, तेव्हा प्रयोगशाळेतल्या मावशींना कपाटात आम्लारीची बाटली दिसली. शिगोशीग भरलेली, बूचही न उघडलेलं. म्हणजे सकाळच्या घाईत त्यांनी तीसही ब्युरेटमध्ये, त्या मापाच्या काचनळ्यांमध्ये, आम्लारीऐवजी नुसतं पाणी भरलं होतं!

मावशींच्या पायाखालची जमीन सरकली. बारा वर्षं हंगामी नोकरी, आणि कायम करण्याचा अर्ज रसायनशास्त्राच्या सरांच्या सहीसाठी पडून. पण मग वर्गात ओरड कशी झाली नाही? आम्लातला दर्शक गुलाबी होतो तो आम्लारीने; पाणी कितीही ओता, होणार नाही. बारा वर्षं काचा धुतलेल्या बाईलाही एवढं कळतं.

त्यांनी उत्तरपत्रिकांवर नजर टाकली. एकोणतीस जणांना १०.२ मिलीला सुंदर गुलाबी रंग दिसला होता! सरांच्या वहीत वर्षानुवर्षं हाच आकडा, पोरं तो घोकून येणार आणि सर त्याला शिकवणं म्हणणार. बाहेरून आलेले परीक्षक तर चहा पीत पीत "अचूक निरीक्षण" असा शेरा मारत सुटले होते.

तिसावी मुलगी सरांपुढे उभी होती. तिने लिहिलं होतं, 'पन्नास मिली ओतलं. रंग आला नाही.'

"डोळे आहेत की बटणं?" सर खेकसले. "खोड ते. १०.२ लिही, नाहीतर नापास."

"पण सर, नाहीच आला." तिचा आवाज रडवेला झाला, पण पेन काही हलेना.

मावशींना सरांची किळस आली, आणि गप्प बसलेल्या स्वतःची त्याहून जास्त.

"तिचं बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "मी पाणी भरलं होतं. चूक माझी."

त्यांनी खऱ्या आम्लारीने ब्युरेट भरून मुलीपुढे ठेवली. पोरीने नवं आम्ल घेतलं, थेंब थेंब सोडलं. शंकुपात्रात रंग आला, टिकला. तिने वाकून आकडा वाचला.

"अकरा पूर्णांक सहा."

या वर्षी आम्लाची बाटली नवी, जरा जास्त तीव्र होती; सकाळी आम्लारी भरली असती तरी १०.२ आलं नसतं. परीक्षकांनी शेरे मारलेल्या पत्रिकांवर हळूच हात ठेवला.

"तुमच्या अर्जाचं आता विसरा," सर दातओठ खात म्हणाले.

"विसरले," मावशी म्हणाल्या. "तुम्ही वहीतला आकडा तेवढा बदला. पुढच्या वर्षी पोरांना घोकायला लागेल."