छकुलीचं जावळ

काळूरामच्या पोराचं जावळ सात वर्षं निघालं नाही, त्याला कारण जिताड्याची शेपटी.

पनवेलच्या खाडीकाठी, आगऱ्यांच्या घरात जिताडा, म्हणजे खाडीतला मानाचा मासा, शिजायचा असला की डोकं कुणाच्या ताटात आणि शेपटी कुणाच्या, हे आधी ठरतं आणि मग चूल पेटते. दयारामच्या बारशाला डोकं जायला हवं होतं पोराच्या मामाकडे, आपटा गावच्या बुधाजीकडे. ते गेलं मिठागराच्या मुकादमाकडे. बुधाजीला दुसऱ्या पंगतीत बसवून शेपटी वाढली. त्याने ती पानाच्या कडेला सरकवली, बहिणीच्या हातात झबलं-टोपडं दिलं आणि उठला.

"दाजी," तो काळूरामला म्हणाला, "तुमच्या पोराला मामा हाय, हे तुमी इसरलात. आता मी पन इसरतो."

आणि चालत आपट्याला गेला.

आता जावळ, म्हणजे पोराचे जन्माचे केस, उतरवायचे ते मामाच्या मांडीवर. जनीने, पोराच्या आईने, नवस बोलला होता कार्ल्याच्या एकवीरेला: तिच्या पायरीवर केस देईन. तिसऱ्या वर्षी, नाही तर पाचव्या, फार तर सातव्या. सम वर्ष चालत नाही आणि मामाशिवाय तर कुठलंच वर्ष चालत नाही.

तिसऱ्या वर्षी भांडण अजून खरं होतं. दोघेही मनापासून रुसलेले होते. त्यामुळे ते मिटण्यासारखंही होतं.

चौथ्या वर्षी पुण्याची एक फिल्म कंपनी मिठागरात गाण्याचं शूटिंग करायला आली. बांधावर दोन वेण्यांचं एक मूल पायाने चिखल उडवत होतं. कॅमेऱ्याच्या काचेवर शिंतोडे गेले, माणसं धावली, मूल हललं नाही. डायरेक्टरला ते आवडलं.

"नाव काय गं तुझं?"

"दया."

घरात दयारामला दयाच म्हणत. डायरेक्टरने पोरीचं नाव म्हणून ते लिहून घेतलं. काळूराम शेजारीच उभा होता. "साहेब, पोरगा हाय तो" एवढे चार शब्द त्याच्या जिभेवर आले आणि त्याने ते गिळले. माणूस आयुष्यात फार बोलून बिघडवतो. काळूरामचं न बोलून साधलं. दुसऱ्या दिवशी पोराने सगळ्यांसमोर उभ्याउभ्या बांधावरून धार सोडली तेव्हा कंपनीला कळलं. पण तोवर पहिला शॉट झाला होता, आणि तो झकास झाला होता.

"असू दे," डायरेक्टर म्हणाला. "कुठे बोलू नका."

पडद्यावर नाव लागलं, 'बेबी दया'. पात्राचं नाव छकुली.

पुढच्या तीन वर्षांत छकुलीचे तीन बोलपट निघाले आणि तिन्हींत एकच गोष्ट होती. सुखी घर, सोशिक आई, विसरभोळे वडील, आणि ट्रंक घेऊन राहायला आलेला मिशीवाला मामा. छकुली त्याला हौदात पाडायची, त्याची कवळी लोणच्याच्या बरणीत टाकायची, मिशी डिंकाने उशीला चिकटवायची. मामा रागावला की कमरेवर हात ठेवून म्हणायची, "आमी नाय जा!" या तीन शब्दांवर पुण्याची थेटरं गडगडून हसत.

पनवेलला तंबूत त्यातला एक बोलपट लागला तेव्हा त्या वाक्याला कुणीच हसलं नाही. माणसं एकमेकांकडे बघू लागली. "यात हसायसारखं काय हाय?" एका म्हातारीने मोठ्याने विचारलं. "बरोबर तर बोलली पोर." मागे खुर्च्यांवर कचेरीतले चार बाबू बसले होते, ते तेवढे हसले. जमिनीवर बसलेल्यांनी मान वळवून कोण कोण हसलं ते नीट पाहून ठेवलं.

काळूराम मिठागरात जायचा बंद झाला. त्याने कोट शिवला. बाजारात लोक त्याला 'छकुलीचा बाप' म्हणत, निम्मे कौतुकाने आणि निम्मे कुचेष्टेने. तो दोन्ही सारख्याच हाताने घ्यायचा. पण एक गोष्ट त्याला पक्की समजली होती. वेण्या आहेत तोवर छकुली आहे, मामा रुसलेला आहे तोवर वेण्या आहेत. म्हणून भांडण जपायला हवं. मिठागरात भरतीचं पाणी जसं वेळेवर घ्यावं लागतं, तसं तो भांडणात वेळेवर पाणी घेऊ लागला.

पाचव्या वर्षी बुधाजी विरघळला. त्याच्या मुलीचं लग्न निघालं होतं, त्याने बहिणीला निरोप धाडला: हळदीला या सगळी, मागचं सोडा, पोराचं जावळ पन उरकू. जनी दोन दिवस गाणी म्हणत होती. काळूराम हळदीला गेला नाही. आहेर तेवढा पाठवला. बुधाजीने भर मांडवात केळीचं पान उलगडलं. आत जिताड्याची सुकवलेली शेपटी.

"त्या घराची पायरी चढलो," बुधाजी मांडवात ओरडला, "तर बापाचं नाव लावनार नाय!"

काळूरामला हे कळलं तेव्हा तो अंगणात कोट झटकत होता. झटकतच राहिला, मन लावून.

या सगळ्यात पोराला कुणी विचारलं नव्हतं. त्याला शाळेत घातलं तेव्हा पोरांनी त्याला ढकलत नेऊन पोरींच्या रांगेत बसवलं. "छकुले, फुगडी घाल!" मधल्या सुट्टीत वेणी ओढायला रांग लागायची. एके दिवशी त्याने घरी येऊन कोयत्याने एक वेणी कापली. काळूरामने त्याला दोरीने मारलं, आणि कंपनीने पुढच्या शूटिंगला खोटी वेणी जोडली.

त्या दिवशी जनीने विषय काढला.

"सातवं सरायला आलंय."

"मामा कुठंय?"

"आना."

"येत नाय तो."

"तुमी येऊ देत नाय."

"अगं ए शहाने," काळूराम म्हणाला, "ते केस गेले तर काय उरंल? आगऱ्याचा पोर. तशी गल्लीत सतरा हायेत."

"मला अठरावा पायजे," जनी म्हणाली.

दिवाळीत चौथ्या बोलपटाचं शूटिंग लोणावळ्याला होतं. कुणा शेठजीचा बंगला सणापुरताच मिळाला होता, म्हणून कंपनीने दिवाळी कॅमेऱ्यातच घातली. पोर आईशिवाय झोपायचं नाही, त्यामुळे जनीही होती. काळूराम तर होताच. पण भाऊबीजेच्या दिवशी तो सकाळच्या एस. टी.ने पुण्याला गेला; एका सिनेमा-साप्ताहिकाला छकुलीच्या वडिलांचा फोटो हवा होता. काम बंद होतं, डायरेक्टर आणि बाकीची मंडळी सणाला घरी गेली होती. बंगल्यात राहिले ते जनी, पोर, स्वयंपाकी, आणि पडद्यावरचा मामा.

त्याचं नाव गोविंदराव खळदकर. बावीस बोलपट केलेला माणूस. छकुली यायच्या आधी लोक त्याला हसायला येत. आता तो पडला की लोक छकुलीला टाळ्या द्यायचे. हौदात तो पडायचा, सर्दी त्याला व्हायची, नाव हिचं व्हायचं. पोराला मांडीवर घेऊन लाड करायचा शॉट असला की तो कॅमेऱ्याला न दिसणाऱ्या बाजूने चिमटा काढायचा. पोर कळवळायचं आणि डायरेक्टर म्हणायचा, "वा, काय भाव आहे चेहऱ्यावर!" पोराच्या मांडीवरचे निळे डाग जनी रोज रात्री तेलाने चोळायची. डाग कुणाचे, हे तिला विचारावं लागलं नव्हतं.

भाऊबीजेला ती दरवर्षी ताट करून उंबऱ्यात बसायची आणि दिवा विझला की उठायची. यंदाही तिने ताट केलं. कुंकू, सुपारी, निरांजन, एक नारळ. ते घेऊन ती व्हरांड्यात गेली. खळदकर आरामखुर्चीत पेपर वाचत होता.

"मामा, पाट मांडते. बसा."

"मला?" त्याने पेपर खाली केला. "तुमच्या पोराला आधी आवरा बाई. काल माझ्या बुटात बेडूक घातला त्याने. आणि ते काही गोष्टीत नव्हतं."

"त्याच्यासाठीच आले. तुमाला छकुली नको हाय. मला पन नको हाय."

खळदकरने तिच्याकडे पहिल्यांदा नीट पाहिलं. तीन वर्षं ती त्याच्यासमोरून जात-येत होती, पण कामाची बाई म्हणून.

जनीने त्याला सगळं सांगितलं; नवस, सातवं वर्ष, रुसलेला भाऊ. "ओवाळलं की तुमी माझे भाऊ. भाऊ झालात की त्याचे मामा. मांडी तुमची. बोल लागला तर माझ्यावर."

"सगळे काढायचे?"

"शेंडी पन ठेवायची नाय."

खळदकरने मनात हिशेब केला. छकुलीचं चार दिवसांचंच काम झालं होतं. छकुली मावशीकडे गेली असं दाखवलं की उरलेला बोलपट मामाचा. तो पाटावर बसला. पुढे काहीतरी म्हणायचं म्हणून म्हणाला, "देवीचं काम आहे. नाही कसं म्हणणार?"

जनीने त्याला ओवाळलं. तिला त्याच्या मनातलं दिसत होतं, पण निरांजनाला भाऊ का आला हे बघावं लागत नाही. आला एवढं पुरतं.

टांग्याने ते कार्ल्याला गेले. खळदकर पायऱ्या चढताना धापा टाकत होता आणि दर वळणावर कुणीतरी ओळखून म्हणत होतं, "तो बघा छकुलीचा मामा!" पायरीवर न्हाव्याने वस्तरा परजला. पोर मांडीवर बसायला तयार होईना. त्या मांडीचा त्याला अनुभव होता.

"आज चिमटा नाय," जनी म्हणाली, आणि खळदकरकडे बघत पुन्हा म्हणाली, "आज नाय."

पहिली बट पडली तेव्हा पोराने डोळे मिटले. अर्ध्या डोक्यावर त्याने ते उघडले. शेवटी हात फिरवून पाहिला, पुन्हा फिरवला, आणि आपला मामा कोण आहे हे विसरून त्याच्याकडे बघून हसला. खळदकरने मात्र तोंड दुसरीकडे वळवलं. बावीस बोलपटांत त्याच्याकडे बघून असं कुणी हसलं नसावं.

संध्याकाळी काळूराम पुण्याहून आला. अंगात कोट, हातात पेढ्यांचा पुडा. दारात एक तुळतुळीत पोर दगडाने चिंच पाडत होतं. "कुणाचा रे तू?" त्याने विचारलं, आणि पोर वळलं.

"कुनी केलं हे?" तो आत येऊन किंचाळला.

"मामाने," जनी म्हणाली.

"कुठल्या मामाने?"

"ज्याला सारा मुलूख मामा म्हनतो, त्याने."

काळूरामने पेढे भिंतीवर मारले. डायरेक्टरने परत आल्यावर कागद फेकले, खळदकरला शिव्या दिल्या, खोटी वेणी बांधायलाही केस उरले नाहीत हे पाहिलं आणि तिसऱ्या दिवशी छकुलीला मावशीकडे पाठवून उरलेला बोलपट खळदकरलाच दिला. तो बोलपट जेमतेम आठवडाभर चालला. एकटा मामा हौदात पडत राहिला. ढकलणारंच कुणी नव्हतं, तर हसायचं कशाला?

पण खरा तमाशा पनवेलला झाला. सात वर्षं जो माणूस आला नाही तो बुधाजी आठ दिवसांत आला. पायरी न चढण्याची शपथ होती म्हणून अंगणात उभा राहिला. काळूराम ओटीवरून उतरून त्याच्याजवळ गेला आणि दोघे मेव्हणे बारशानंतर पहिल्यांदा एका बाजूला उभे राहिले, जनी दुसऱ्या.

"मी मेलो व्हतो काय?" बुधाजी गरजला. "नाटक्याच्या मांडीवर बसवलास माझा भाचा!"

"मी पन तेच म्हनतो," काळूराम म्हणाला. "पाव्हनं, हे जावळ धरायचंच नाय."

"नायच धरायचं! केस वाढू दे परत. नवव्या वर्षी मी घेईन मांडीवर."

"नवव्या, नाय तर अकराव्या," काळूराम घाईने म्हणाला. "घाई काय हाय?"

बुधाजीने त्याच्याकडे वळून पाहिलं. केळीचं पान, मांडव, ती सुकी शेपटी, सगळं एका दोरीत ओवलं जात असावं. पण राग बहिणीवर काढायला आलेला माणूस तो वाटेत कसा बदलणार? तो पुन्हा तिच्याकडेच वळला.

"ऐकलंस ना? हे जावळ नाय."

"केस आईच्या पायरीवर हायेत," जनी म्हणाली. "जा दोघं. तिला सांगा, हे आमी धरत नाय, परत दे. देते का बघा."

एकवीरेला जाऊन असं बोलण्याची छाती दोघांची मिळूनही होईना.

"तुझ्या दारात पुन्यांदा पाय ठेवनार नाय," बुधाजी शेवटी म्हणाला.

"सात वर्षं कुठं ठेवला व्हतास?"

तो गेला. काळूराम ओटीवर कोट घालून बसून राहिला. कुठे जायचं नव्हतं, पण काढवतही नव्हता. बायकोशी बोलायचं नाही असं त्याने ठरवलं होतं, आणि ते तिच्या पथ्यावर पडणारं आहे हे त्याला अजून उमगायचं होतं.

तेवढ्यात गल्लीत ओरडा झाला. "टकल्या! ए टकल्या!" जावळानंतर या गल्लीतल्या प्रत्येक पोराला ही हाक पडते, सतराच्या सतरांना पडली होती. जनी सूप हातात धरून थांबली. उत्तरादाखल दयारामचा आवाज आला. त्याने समोरच्याच्या बापाचा असा काही उद्धार केला, की ओटीवर बसलेल्या काळूरामने मान खाली घातली.

जनीने सूप झटकलं आणि तांदूळ पाखडायला घेतले.