आपोआप लागणारं फाटक

पोहण्याचा तलाव दलालाने सगळ्यात आधी दाखवला. भोवती उंच जाळी होती. "ताई, फाटक आपोआप लागतं. लेकरांचा घोर सोडा."

मग स्वयंपाकघर. "तुझी आई इथे सहज मावेल," नवरा म्हणाला. ताई हसली आणि हसता हसताच तिने खिडकीबाहेर पाहिलं. फाटक सताड उघडं होतं. गिऱ्हाइकांना ये-जा सोपी जावी म्हणून दलालाने त्यात 'घर विकणे आहे'ची पाटी अडकवली होती. तीन वर्षांची धाकटी मात्र कुठेच दिसेना.

मग पुन्हा तलाव. ताईने कपड्यांनिशी उडी टाकली. तळाशी वेणी हाताला लागली, तीच धरून तिने पोरीला वर ओढलं आणि पालथी घालून थोपटलं. पोर ओकली, मग रडली. नवरा तिला उचलून जाळीबाहेर गेला.

ताईने पाटी उपसली. फाटक लागलं. आत ती आणि दलाल.

पाटीच्या पहिल्या फटक्यात त्याचं नाक फुटलं.

"अहो, पोरीला काही झालं नाही ना?"

दुसऱ्या फटक्यात दात पडला. रक्ताळल्या बोटांनी त्याला कडी सरकवता येईना.

"साहेब, फाटक उघडा."

नवऱ्याने पोरीचं तोंड पुसलं. "आपोआप लागतं म्हणालात ना," तो म्हणाला, "मग लागलेलंच राहू द्या."