विहीणबाई सोमवारी आल्या

वनमालाबाईंनी इटालियन शिकायला घेतलं ते घरात कुणालाही न सांगता. चारला बोरीवलीच्या देवळात भजन, त्याआधी तीनला फोनवर कांदिवलीच्या तेजलची शिकवणी. मुलगा निहार इटलीत तुरिनला, सून क्यारा तिथलीच, आणि तिला आता सातवा महिना. नातवंडाची पहिली आंघोळ आपल्या हातून व्हावी, एवढंच बाईंचं मागणं. निहारने ते फोनवरच निकालात काढलं होतं. "त्यांच्यात बाळंतपणाला सासूला बोलवत नाहीत गं आई." नाही तर नाही. निदान विहीणबाईंशी चार शब्द तरी स्वतःच्या तोंडाने बोलता यावेत.

घोडं अडलं 'त्याला', 'तिला'पाशी.

"काकू, शब्दाची जागा बरोबर पकडता तुम्ही," तेजल म्हणे. "आपल्यासारखंच ना, 'त्याला बघते', 'लो वेदो'. पण 'लो'वर केवढा जोर देता! तो हळूच म्हणायचा, क्रियापदाला चिकटून."

"म्हणजे नव्या सुनेसारखं. कामाच्या पुढे उभं राहायचं, पण आवाज करायचा नाही."

"काय बोलता काकू! झकास!"

समजलं तरी जीभ ऐकेना. बाईंचा 'लो' ताशासारखा वाजायचा. शेवटी त्यांनी महादेवाला साकडं घातलं. जीभ वळू दे देवा, दर सोमवारी दुपारच्या आरतीपर्यंत मौन पाळीन. महादेव भोळा, लगेच पावला. जीभ वळली आणि मौन लागू झालं.

आणि विहीणबाई आल्या त्या नेमक्या सोमवारी सकाळी. ग्रात्सिएलाबाईंना केरळला जायचं होतं, मुंबईत मुक्काम नव्हता. सोबत आलेला निहार त्यांना विमानतळावरून घरी घेऊन आला आणि अकराला परत निघायचं म्हणाला.

"तिकिटंच तशी मिळाली," तो आईच्या पाया पडत म्हणाला. "पण बरंच झालं, तुझं मौन आहे. तुला अवघडल्यासारखं नको. मी आहे ना भाषांतराला."

वनमालाबाईंनी हसून अळूवड्या वाढल्या. विहीणबाईंनी चार खाल्ल्या, बोटं चाटली आणि निहारकडे वळून इटालियनमध्ये बोलू लागल्या. बाईंना शब्द न् शब्द कळत होता.

"क्यारा रोज म्हणते, बाळंतपणाला हिला बोलवू या. तू म्हणतोस, आई येणारच नाही, व्रतं सोडून ती कुठे जात नाही. आता समोर बसली आहे, तर विचार ना तिला."

निहारने मान डोलावली आणि आईकडे वळला. "त्या म्हणतायत, अळूवड्या फार आवडल्या. कृती हवीय."

वनमालाबाईंच्या हातातलं ताट तसंच राहिलं. घड्याळात पावणेअकरा वाजले होते, आरती बाराला. निहार चपला घालायला उठला होता.

त्यांनी देव्हाऱ्याकडे पाहून हात जोडले. देवाशी काय बोलणं झालं ते त्यांचं त्यांना ठाऊक. मग त्या विहीणबाईंसमोर येऊन बसल्या.

"वेंगो," त्या म्हणाल्या. मी येते. "लो लावो इओ." त्याला आंघोळ मी घालीन. 'लो' इतका अलगद निघाला की तेजलने कान टवकारले असते.

ग्रात्सिएलाबाईंनी दोन्ही हात गालांना लावले. मग डोळे मिचकावत विचारलं, मुलगी झाली तर?

"ला लावो इओ." तिला मी घालीन.

विहीणबाई उठून गळ्यातच पडल्या. निहारची एक चप्पल पायात, एक हातात.

"आई... तुझं मौन?"

"मोडलं. त्याचं महादेवाशी मी बघते."

"अगं, म्हणजे मला वाटलं, तुझे उपास, सोवळं, तिकडची थंडी... तुझीच धावपळ नको. आणि मला दिवसभर दोघींच्या मधे भाषांतर करत बसावं लागलं असतं, यार. तुझ्या भल्यासाठीच ना..."

विहीणबाई गळामिठी न सोडता त्याच्याकडे बघत होत्या. काय म्हणतोय हा?

"सांग रे," वनमालाबाई मऊ आवाजात म्हणाल्या. "आता म्हणालास ते त्यांनाही सांग. चुकलास तर मी आहेच."