जानरावची खुशाली

चंद्रभानने डोक्यावरची टोपी काढून मांडीवर आपटली.

“पुन्हा थांबला! गोली समोर आला का याचे पाय गळतात. कावून खेळवते याले?”

मैदानात भगवंत ऐनवेळी बाजूला झाला होता. गोल राखणाऱ्या अकोल्याच्या गोलीने फुटबॉल सहज उचलला. गेल्या वर्षी अकोल्यात एकट्याच्या बळावर सामना जिंकून देणारा हाच गडी. आणि यंदा डिप्टी कमिशनरच्या कपाच्या फायनलीत सारं अमरावती त्याला शिव्या घालत होतं.

“तुमीच सांगा बाबा, कोनं करणी केली का याच्यावर?” चंद्रभानने शेजाऱ्याला विचारलं.

शेजारच्या नत्थुजीची नजर भगवंतवरून हलत नव्हती. तेल्हाऱ्याकडचा हा माळी गाड्या बदलत मुद्दाम इथवर आला होता. गेल्या वर्षी अकोल्याचा गोली त्याचा जानराव होता. भगवंतचा गुडघा त्याच्या पोटात बसला आणि गोल झाला. जानरावने अंथरूण धरलं, ते सुटलंच नाही. आखाजीच्या सणाआधी तो गेला. पोरगं मेलं, हे मारणाऱ्याला समोर उभं राहून सांगायचं, एवढ्यासाठी नत्थुजी आला होता.

मधल्या सुट्टीत बाकीचे खेळाडू संत्री सोलत घोळक्याने बसले. भगवंत एकटाच निंबाखाली होता. नत्थुजी त्याच्यापुढे जाऊन उभा राहिला.

“मी अकोल्याकडचा.”

भगवंत ताडकन उठला. जानरावच्याच वयाचा, मिशी अजून नीट फुटली नव्हती.

“तुमचा तो मांगच्या सालचा गोली… जानराव. उठला का तो? आमचे लोक म्हणतात, बरा झाला. मले खरं नाही वाटत. कोनताबी गोली समोर आला का मले तोच दिसते. पोट धरून पडलेला.”

नत्थुजीने ओठांवर आलेलं गिळलं. खांद्यावरच्या शेल्याने उगाच तोंड पुसलं.

“बरा हाय,” तो म्हणाला. “वांग्यात राबून राहिला.”

“खरंच?”

“मी बाप होय त्याचा.”

भगवंत वाकून त्याच्या पायाला शिवला.

“म्या मुद्दाम नोतं मारलं, बाबा. त्याले सांगजा.”

“सांगीन.”

खेळ पुन्हा सुरू झाला तेव्हा भगवंत मोकळ्या सुटलेल्या गोऱ्ह्यासारखा धावत होता. लोक शिव्या विसरले. शेवटी फुटबॉल गोलापुढे उसळला, अकोल्याच्या नव्या, पोरगेल्या गोलीने त्यावर झेप घेतली आणि या खेपेला भगवंत थांबला नाही.

“गोल!” चंद्रभानने मिठी मारायला हात पसरले. “पाह्यलं का बाबा! आला ना गडी जाग्यावर!”

शेजारी कोणीच नव्हतं. सारी गर्दी भगवंतकडे लोटत होती आणि नत्थुजी तिला कापत उलट्या दिशेने गोलखांबांकडे पळत होता. तिथे धुळीत ते पोरगं पालथं पडलं होतं. नत्थुजी धापा टाकत त्याच्याजवळ बसला, त्याच्या पाठीवर हात ठेवला.

“ऊठ बाप्पा,” तो म्हणाला. “ऊठ.”