डांबर कोणत्या फळीवर?

मी एक जुना डांबराचा गोळा आहे. नाक मुरडू नका, मित्रांनो. मी काळा आहे, मला वास येतो, हाताला लागलो तर रॉकेलशिवाय निघत नाही, हे सगळं मला ठाऊक आहे आणि त्याची मला मुळीच लाज वाटत नाही. निजामाच्या राजवटीच्या अखेरच्या वर्षांत मराठवाड्यातल्या मुरुडच्या एका शाळेत माझ्यावरून मोठा कज्जा झाला. मी घन की द्रव, एवढाच प्रश्न होता. पण त्या प्रश्नापायी एका मुलीची शाळा सुटायची वेळ आली होती.

आधी माझा जन्म सांगतो. जमिनीच्या पोटातून काढलेलं काळं तेल तापवतात. त्यातून दिव्याचं तेल, मोटारीचं तेल असं सगळं कामाचं काढून घेतात. खाली उरतो तो गाळ म्हणजे मी. जन्मापासून मला ‘उरलासुरला’ म्हणत आले. पण नांदेड स्टेशनच्या गोदामाचे पत्रे गळू लागले तेव्हा त्या कामाच्या तेलांना कुणी विचारलं नाही, मलाच बोलावलं. पिंपात उकळून मला पातळ केलं आणि भेगांमध्ये ओतलं. गार होताच मी घट्ट बसलो. त्या पावसाळ्यात धान्याचं एक पोतं भिजलं नाही. शाबासकी अर्थातच पत्रे ठोकणाऱ्याला मिळाली.

पिंपाच्या तळाशी राहिलेलं एक ढेकूळ रेणुकादास गुरुजींनी मुकादमाकडून मागून घेतलं. गुरुजी मूळचे नांदेडचे, पण शाळा चालवत मुरुडला. सरकारी शाळेत शिक्षण उर्दूतून असे. मराठीतून शिकवायचं तर खासगी शाळा काढावी लागे, आणि तिची परवानगी दरसालच्या तपासणीवर अवलंबून असे. गुरुजींनी लिंगायतांच्या मठाच्या ओसरीत अशी शाळा मांडली होती. त्यांनी मला जरा तापवून, ओल्या हातांनी वळून गोल केलं आणि ओसरीतल्या फळीवर ठेवलं.

भिंतीवर तीन फळ्या होत्या. वरची घनाची. तिच्यावर गारगोटी, खिळा, खोबऱ्याची वाटी. ज्याला स्वतःचा आकार असतो ते घन, असं गुरुजी शिकवत. मधली फळी द्रवाची: पाणी, गोडं तेल, काकवी. भांडं देईल तो आकार घेणारी ही मंडळी. खालच्या फळीवर वायू, म्हणजे बूच मारलेली बाटली. मुलं हसत, “गुरुजी, ही तर रिकामी!” गुरुजी म्हणत, “रिकामी कशी? गच्च भरलीय. बूच काढलं की आतला वायू साऱ्या ओसरीभर पसरेल.” माझी नेमणूक घनाच्या फळीवर झाली. मला कुणी विचारलं नाही.

फळ्या पुसायचं काम महादेवीकडे होतं. ती किराणा दुकानदार शिवमूर्तीअप्पांची मुलगी. मोठी चौकस, आणि जिभेला हाड नसलेली. महाशिवरात्रीला तिची आई उमाबाई मठात दर्शनाला आली. ओसरीतल्या फळीवर तिला काळाभोर, गोल, गुळगुळीत मी दिसलो. लिंगायताच्या गळ्यात रोज असतं ते इष्टलिंगही काळं आणि गोलच. बिचारीने हात जोडले आणि ओल्या विभूतीचे तीन आडवे पट्टे माझ्यावर ओढले. मुलं फिदीफिदी हसली. महादेवी म्हणाली, “अव्वा, ते डांबर हाय!” उमाबाई ओशाळली, पण ठामपणे म्हणाली, “असू दे. आता विभूती लागली. त्याला हात लावायचा न्हाई.” गुरुजींनीही पट्टे तसेच राहू दिले. तेव्हापासून महादेवी माझ्या भोवतालची धूळ पुसायची, मला मात्र बोट लावायची नाही.

मग चैत्र लागला. आमच्याकडचं ऊन तुम्हाला माहीत आहे. ओसरीचे पत्रे तापले आणि मी निघालो. हो, निघालो! घाईगडबड नाही, गाजावाजा नाही. आधी बूड पसरलं, मग पोट पुढे आलं, आणि एक दिवस माझी जाड जीभ फळीच्या कडेवरून द्रवांच्या फळीकडे लोंबू लागली.

तपासणी तोंडावर आली होती. गुरुजी सकाळी आले आणि मला पाहून त्यांनी कपाळाला हात लावला.

“महादेवी, तू हा गोळा दाबलास?”

“न्हाई गुरुजी. म्या हातच लावला न्हाई. त्यो आपल्या आपण खाली आला.”

“घन वस्तू आपण होऊन आकार बदलत नाही. कालच शिकवलंय. मग खोटं कोण बोलतंय?”

संतापाने मी आतल्या आत उकळलो. पण मला तोंड कुठे होतं? गुरुजींनी शिवमूर्तीअप्पांना बोलावणं धाडलं. अप्पांनी आधीच मोठ्या नाखुशीने मुलीला शाळेत घातलं होतं. ते आले आणि कोपऱ्यातली हातोडी उचलून त्यांनी माझ्यावर एक घाव घातला. रात्रभरात मी गार झालो होतो. काचेसारखा टवका उडाला.

“दगडावानी टणक हाय हे. आन् हे आपोआप वाहतंय म्हणती? लबाडी शिकायला न्हवतं धाडलं तुला. उद्यापासून दुकानात बसायचं.”

महादेवीचे डोळे भरले, पण मान काही खाली गेली नाही. “बसंन अप्पा. म्या खोटं बोलत असंन तर जन्मभर दुकानात बसंन. पण आधी अव्वानं वढलेलं पट्टं बघा.”

सगळे जवळ आले. उमाबाईने पट्टे सरळ आडवे ओढले होते. आता ते मधोमध खाली झुकले होते, झोळीसारखे. कुठे फिसकटलेले नव्हते, कुठे बोटाचा ठसा नव्हता. हाताने दाबलं असतं तर विभूती पुसली गेली असती. ती माझ्याबरोबर सावकाश उतरली होती.

गुरुजींनी वाकून एकेक पट्टा निरखला. मग सगळ्या वर्गासमोर म्हणाले, “चूक माझी झाली, पोरी.” त्यांनी मला उचललं आणि ते मला द्रवाच्या फळीवर ठेवायला निघाले.

“तिथं बी कसं गुरुजी?” महादेवी म्हणाली. “आत्ता टवका उडाला. पाण्याचा उडतो व्हय?”

गुरुजी थबकले. मला ठेवायला जागाच उरली नाही! शेवटी मी एका स्टुलावर बसलो, एकटा, ऐटीत.

तपासणीचे साहेब आले. दमलेले, घामेघूम झालेले. माझ्याकडे बोट दाखवून महादेवीला म्हणाले, “ये क्या है? ठोस या माए?” म्हणजे घन की द्रव.

“अजून ठरलं न्हाई, साहेब. हातोडीला दगड हाय, उन्हाला काकवी हाय.”

“किताब में तीन ही हालतें लिखी हैं. ठोस बोलो, बात ख़त्म.”

एका शब्दात परवानगी मिळणार होती. महादेवीने गुरुजींकडे पाहिलं. त्यांनी ‘ठोस म्हण’ अशी खूणही केली नाही.

“न्हाई साहेब,” ती म्हणाली.

“बड़ी ज़िद्दी लड़की है!”

तेवढ्यात दारातून आवाज आला. शिवमूर्तीअप्पा उभे होते. “जिद्दी न्हाई साहेब. तिनं डोळ्यांनी बघितलंय. म्या बी बघितलंय. बघितलेलं न्हाई कसं म्हणावं?”

परवानगी मिळाली नाही. ओसरीतली शाळा बंद झाली आणि मुलं पाट्या घेऊन घरी गेली. दुसऱ्या दिवशी शिवमूर्तीअप्पांनी दुकानामागची गुळाची खोली रिकामी केली, स्वतः झाडली आणि गुरुजींना बोलावून आणलं. मुलीला दुकानात बसवीन म्हणाले होते ना? बसवलं, सगळ्या वर्गासकट! महादेवी मला दोन्ही हातांत धरून आली. आईने ‘हात लावू नको’ म्हटलेला तो गोळा त्या दिवशी तिने उमाबाईदेखत उचलला, आणि उमाबाईने त्याच्याखाली धरायला फडकं पुढे केलं.

मित्रांनो, त्या घावाची खोच भरून यायला बरेच उन्हाळे लागले, पण भरली. आता माझी एवढीच विनवणी आहे. एखादी वस्तू किंवा एखादं माणूस तुमच्या फळीवर बसत नसेल, तर हातोडी उचलू नका. जपून ठेवा आणि बघत राहा. मी घन की द्रव, हे मी अजूनही सांगणार नाही. घाई तुम्हाला आहे, मला नाही.