वरच्या मजल्याचं दार

चाकणच्या त्या शेडमध्ये दोन मजली विमान उभं होतं, पण ते कधी उडणार नव्हतं. एका परदेशी विमान कंपनीला आपल्या कर्मचाऱ्यांना शिकवण्यासाठी खऱ्यासारखाच सांगाडा हवा होता. तेवढीच उंची, तशीच दारं, आतले दोन्ही जिनेही तसेच. नुसते पंख नि इंजिनं तेवढी नव्हती. त्यातल्या वरच्या मजल्याचं काम नेहाकडे होतं.

वरच्या मजल्यावर विमानाच्या भिंती आत कलत जातात. खिडकीपाशी बसणाऱ्याचं डोकं आपटू नये म्हणून खुर्च्या जरा आत घ्याव्या लागतात आणि उरलेल्या सांदीत सामानाचे कप्पे बसवतात. नेहा रात्री जेवताना हे सांगायची. तिचे वडील साहेबराव पिंपरीच्या एका कारखान्यातून निवृत्त झालेले. ते ताटातली भाकरी वाकवून विचारायचे, "म्हणजे अशी भिंत?" आणि आई गिरजाबाई म्हणायची, "जेवू द्या हो लेकराला."

सांगाडा पाठवण्याआधी एक मोठी चाचणी व्हायची होती. आत माणसं बसवायची, दिवे घालवायचे, निम्मी दारं बंद ठेवायची आणि उरलेल्या दारांतून सगळ्यांना ठरलेल्या वेळात बाहेर काढायचं. खरे प्रवासी असतात तशी सगळ्या वयांची माणसं हवी होती. नेहाचे साहेब सुजित म्हणाले, "पन्नाशी-साठीच्या बायका कमी पडतायत गं. तुझ्या ओळखीत बघ ना कुणी."

नेहानं घरी सहज विषय काढला. दुसऱ्याच दिवशी गिरजाबाईंनी विहारातल्या मैत्रिणी गोळा केल्या. कुणी गुडघ्याचं कारण काढलं, कुणी नातवंडाचं. गिरजाबाईंनी कुणाचं ऐकलं नाही. "माझ्या लेकीनं बांधलंय, आपण नाही बसायचं तर कुणी? खायला-प्यायला पण देणार हायेत."

चाचणीच्या दिवशी सगळ्याजणी पंजाबी ड्रेस घालून आल्या, कारण साडी चालणार नव्हती. साहेबरावांनीही आपलं नाव दिलं होतं. डॉक्टरांनी तपासलं. मग चिठ्ठ्या उचलून जागा ठरल्या. साहेबराव आणि गिरजाबाई दोघांच्याही चिठ्ठ्या वरच्या मजल्याच्या निघाल्या.

आईला उंचीची भीती वाटते, घरातल्या स्टुलावर चढतानाही ती कुणाला तरी हाक मारते, हे नेहा जाणून होती. ती चाचणी घेणाऱ्या अधिकाऱ्याकडे गेली.

"सर, माझ्या आईला खालच्या मजल्यावर बसवता येईल का?"

"जागा बदलल्या की चाचणी बाद," ते म्हणाले. "नको असेल तर त्या आत्ता घरी जाऊ शकतात. सक्ती नाही."

नेहानं आईला बाजूला घेतलं. "आई, तू नको बसूस. वरचं दार दोन मजले उंच आहे. तिथून रबरी घसरगुंडीवर उडी मारायची असते."

गिरजाबाईंनी विमानाकडे पाहिलं. वरचं दार अजून बंद होतं.

"आत जिना हाय की."

"जिन्यानं नाही उतरायचं. वरच्यांनी वरच्याच दारातून जायचं. सगळे जिन्याकडे पळाले तर खालचेही अडकतात, म्हणून विमान तसंच बांधलेलं असतं."

गिरजाबाई मैत्रिणींकडे बघत हळूच म्हणाल्या, "सगळ्यांना मी घेऊन आले. आता मीच मागं फिरू व्हय?"

"मी हाय ना तिच्याबरोबर," साहेबराव म्हणाले. "हात धरून आणतो."

नेहाला विमानाभोवती बांधलेल्या दोरीच्या अलीकडे निरीक्षकांबरोबर बसायचं होतं. तिथून बोलायला, हातवारे करायला मनाई होती.

शेडमधले दिवे गेले. आतून भोंगा वाजला. दारं उघडली, आणि फुस्स करत घसरगुंड्या फुगून खाली आल्या. माणसं पडायला लागली. पडायलाच म्हणायला हवं, कारण वरून येताना कुणाचा पाय कुठं होता नि डोकं कुठं, ते कळत नव्हतं. विहारातल्या बायका एकामागून एक आल्या. कुणी किंचाळत, कुणी हसत. खाली गादीवर उभ्या राहून त्यांनी एकमेकींना मिठ्या मारल्या.

मग साहेबराव आले. उठले, ओढणीचं टोक धरावं तसा एक हात मागे केला आणि वळले. मागे कुणीच नव्हतं.

गिरजाबाई वर दारात होत्या. दारातल्या मंद उजेडात त्यांची आकृती ओळखू येत होती. दोन्ही हातांनी त्यांनी दाराची कड धरली होती आणि हळूहळू त्या तिथंच खाली बसल्या. मागून माणसांचा रेटा आला. शिकाऊ कर्मचारी ओंकार त्यांच्या कानाशी ओरडत होता, "उडी मारा! उडी मारा!"

"गिरजे!" साहेबराव खालून ओरडले. "सोड हात! मी हाय इथं!"

ते घसरगुंडीवर चढायला गेले. रबर गुळगुळीत, पाय टिकेना. दोन पावलं वर गेले नि घसरून पोटावर आले. परत गेले, परत आले. सुरक्षारक्षकांनी त्यांना दंडाला धरून बाजूला नेलं.

"सर, थांबवा," नेहा अधिकाऱ्याला म्हणाली. "ती माझी आई आहे. नाही मारणार ती उडी."

"कुणाला लागलेलं नाही," ते वेळेच्या आकड्यावरची नजर न काढता म्हणाले. "खऱ्या विमानातही असं होतंच. कर्मचाऱ्याला त्याचं काम करू दे."

नेहा दोरी ओलांडून धावली. सुजितनी तिला मधेच धरलं. "तू आत गेलीस तर सगळं पुन्हा करावं लागेल. सगळ्यांना पुन्हा वर चढावं लागेल. तुझ्या आईलाही." ती तिथंच उभी राहून हुंदके देत राहिली. मागची दोन माणसं आईच्या अंगावरून उड्या टाकून खाली आली.

शेवटी ओंकारनं शिकवलं होतं तेच केलं. त्यानं गिरजाबाईंच्या काखेत हात घातले आणि त्यांना ढकललं. त्यांनी एका हातानं कड सोडली नाही, त्यामुळे अंग फिरलं आणि त्या आडव्या आल्या. खाली गादीच्या काठावर पडल्या तेव्हा आवाज फार मोठा झाला नाही. साहेबराव मात्र खाली बसले आणि कपाळावर हात मारून घेऊ लागले.

खुब्याचं हाड मोडलं होतं. चिंचवडच्या दवाखान्यात ऑपरेशन झालं. दुसऱ्या दिवशी सुजित सफरचंदं घेऊन आले. दारातूनच म्हणाले की चाचणी वेळेत बसली. मग पलंगाकडे पाहून त्यांनी सफरचंदं उशाशी ठेवली आणि निघाले.

"काही बदलता येईल का, सर?" नेहानं जिन्यापर्यंत जाऊन विचारलं. "दारापाशी काहीतरी..."

"काय बदलणार? दार खऱ्या विमानात जिथं आहे तिथंच ठेवावं लागतं. दोन मजले म्हटले की ते तिथंच असणार."

तिला हे ठाऊक होतं. तरी विचारल्यावाचून राहवलं नव्हतं.

ओंकार दोनदा येऊन बाहेरच्या बाकावर बसून गेला. आत यायचं धाडस त्याला झालं नाही. गिरजाबाईंना कळलं तेव्हा त्या म्हणाल्या, "त्याला काही बोलू नका. त्यानं नसतं ढकललं तर मी तिथंच बसून राहिले असते. मी मारत होते गं उडी. मनात दहा वेळा मारली. पण हात ऐकेनात."

"मी पुढं जायला नको होतं," साहेबराव म्हणाले. "मला वाटलं, हात धरलाय. खाली आलो तर रिकामा."

गिरजाबाईंनी डोळे मिटले. विहारातल्या मैत्रिणी दुपारी डबा घेऊन आल्या, पलंगाभोवती उभ्या राहिल्या आणि आपण कशा उतरलो हे त्यांच्यापैकी कुणीही सांगितलं नाही. त्या हवापाण्याचं बोलल्या, आणि लवकर निघून गेल्या.

महिन्याभरानं सांगाड्याचे भाग सुटे करून लांबलचक ट्रेलरवर चढवले गेले. वरचा मजला सगळ्यात शेवटी गेला. त्या दिवशी सगळ्यांना फोटोसाठी शेडबाहेर बोलावलं होतं. नेहा गेली नाही. ती रजा घेऊन घरी होती. आईला वॉकर धरून खोलीतल्या खोलीत चालवायचं होतं आणि आई पलंगावरून पाय खाली टाकायला तयार नव्हती.

"जमीन इथंच आहे, आई. हे बघ, माझा पाय."

"दिसतीय गं," गिरजाबाई म्हणाल्या. "दिसतीय मला." आणि पलंगाची कड धरून तशाच बसून राहिल्या.